शनिवारी येशू कुठे होता?

प्रश्न : ईस्टरला आमचं तरुण मंडळ चर्चच्या पटांगणात नाटक बसवतंय. शुक्रवारी क्रूस, रविवारी रिकामी कबर, एवढं ठरलंय. पण विश्वासांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या कबुलीत, आपण 'अधोलोकात उतरला' म्हणतो, ते कुठे दाखवायचं? आणि मरणावर विजय म्हणतात, तर लढाई कुठे आहे?
— एक वाचक, वसई

उत्तर : अधोलोकात, म्हणजे मेलेल्यांच्या जगात, येशू उतरतो तो मधल्या शनिवारी. हा शनिवार गाळलात तर लढाई दिसणार कशी? इंग्लंडातल्या यॉर्क शहरात तो गाळत नसत. तिथे ख्रिस्तशरीराच्या सणाला पहाटेपासून गाड्यांवर नाटकं निघायची आणि नाक्यानाक्यावर थांबत सगळी बायबलकथा गावभर फिरायची. या गाड्यांची नोंद १३७६ पासून सापडते. १५६९ नंतर हा खेळ बंद पडला. एकेक प्रवेश एकेका धंदेवाल्यांकडे असे. शेवटचं भोजन पाववाल्यांकडे, क्रुसावरचं मरण खाटकांकडे (कोणी वाटप केलं असेल, हात जोडावेसे वाटतात!) आणि तुमचा शनिवार जीनगरांकडे.

त्या प्रवेशात आधी अंधारात उजेड शिरतो. ४,६०० वर्षं इथे पडून आहोत, असं आदाम म्हणतो. सैतान दारं लावून घ्यायला ओरडतो, बाहेरून येशूचा हुकूम येतो आणि अडसर तुटतात. बायबलात हे असं नाही. निकदेमाच्या नावावर चालत आलेल्या एका जुन्या ग्रंथातून ते आलं. पण मला आवडतो तो पुढचा भाग. सैतान शरण येत नाही, वाद घालतो. 'तुझ्या बापाला मी चांगला ओळखतो, सुतारकी करून पोट भरायचा,' असं तो येशूला सुनावतो. अगदी गावकीतल्या भांडणाचा सूर! शेवटी तो खड्ड्यात जातो आणि आदामासकट सगळ्यांची मिरवणूक बाहेर निघते.

ही मिरवणूक मात्र मूळची रोमची. जिंकलेला सेनापती रथात, पुढे साखळदंडातले कैदी. गॉल (आजचा फ्रान्स) इथल्या लोकांचा नायक व्हर्सिंजेटोरिक्स याला रोमन सेनापती सीझरने इ. स. पूर्व ४६ मध्ये असंच फिरवून मग ठार केलं. आणि क्रूस कोणासाठी? इ. स. पूर्व ७१ मध्ये रोमविरुद्धच्या स्पार्टाकसच्या बंडातले ६,००० गुलाम कापुआ ते रोम रस्त्याच्या कडेने क्रुसावर चढवले होते. हरलेल्यांची जागा ती. तरीही बायबलातल्या कलस्सैकरांस पत्रात क्रुसावर चढलेलाच मिरवणूक काढतो आणि सत्ता नि अधिपती बंदिवान होऊन चालतात. रोमच्या प्रजेला यातली खोच समजावून सांगावी लागली नसेल. पुढे ३१२ च्या लढाईत रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनने ख्रिस्ताचं चिन्ह आपल्या सैन्याच्या ढालींवर चढवलं आणि ही खोच बोथट झाली, असं माझं मत. पटत नसेल तर लिहा, भांडू.

उलट बाजू बघायची तर इंग्रज नाटककार मार्लोचा टँबरलेन, म्हणजे आपला तैमूरलंग. नाटकाच्या दुसऱ्या भागात तो हरलेल्या राजांना रथाला जुंपून हाकतो. बायको झेनोक्रेट मरते तेव्हा संतापून ती जिथे मेली ते गाव जाळतो. मरण काही बधत नाही. आजारी पडल्यावर नकाशा मागवतो आणि अजून काय जिंकायचं राहिलं ते मुलांना दाखवत मरतो. खरा तैमूरही १४०५ मध्ये चीनवर स्वारीला निघाला असताना वाटेत ओत्रारला आजाराने मेला.

तेव्हा शनिवारचा प्रवेश घाला, दहा मिनिटं पुरतील. सैतानाचं काम मंडळातल्या सगळ्यात हजरजबाबी मुलाला द्या आणि त्याची वाक्यं कापू नका. तो मिळमिळीत झाला तर येशूला जिंकायला काही उरत नाही. येशूच्या हातात तलवार नको, यॉर्कमध्ये आवाजावरच भागत होतं. दार मात्र पडद्याचं नको. प्लायवूडचं करा, आतून आडवा दांडा लावा, आणि ते दाणकन पडेल तेव्हा आदाम-हव्वा दोन हात लांब उभे राहतील एवढं तालमीत बघा.