सगळे एकदम की एकेक?

घरच्या टाकीतल्या माशांबद्दलची या वेळची बरीचशी पत्रं एकाच वाक्याने सुरू होतात, "काल संध्याकाळपर्यंत एकदम ठणठणीत होते आणि..." आणि संपतात "कुठलं औषध टाकू" यावर. मी उत्तर द्यायच्या आधी उलटा प्रश्न विचारतो, सगळे एकदम आजारी पडले की एकेक करून? जंतू, परजीवी असतील तर सुरुवात एकदोघांपासून होते आणि पसरायला दिवस लागतात. चार वेगवेगळ्या जातींचे मासे एकाच रात्री धापा टाकायला लागले तर गडबड माशांत नाही, पाण्यात आहे. आता पत्रं.

प्रश्न : काका, आमची ६० लिटरची टाकी आहे, आठ महिने झाले. मॉली, गप्पी आणि दोन कोरी मासे. रविवारी वेळ होता म्हणून टाकी एकदम मस्त साफ केली. सगळं पाणी काढलं, खडे गरम पाण्यात धुतले, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून नव्यासारखा केला. क्लोरीन घालवायचं औषध पण टाकलं. सोमवारी सगळे छान होते. मंगळवारी रात्री बघतो तर सगळेच वर येऊन तोंडाची उघडझाप करतायत, एक मॉली कोपऱ्यात तिरकी. घाबरून निळं औषध टाकलं, फरक नाही म्हणून पिवळं टाकलं, मग मीठ. आज तीन गेले. कुठला रोग असेल?

उत्तर : रोग कुठलाच नाही. तुमचा स्पंज मेलाय.

म्हणजे असं की मासे कल्ल्यांतून दिवसरात्र अमोनिया बाहेर टाकतात, शिवाय उरलेलं खाणं आणि घाण कुजून अजून तयार होतो. तो संपवणारे बॅक्टेरिया पाण्यात फारसे तरंगत नसतात, ते चिकटून राहतात, स्पंजवर, खड्यांवर. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, काही त्या नायट्राइटचं नायट्रेट, आणि नायट्रेट बऱ्यापैकी सोसतं माशांना, ते दर आठवड्याला पाणी बदलताना निघून जातं. नव्या टाकीत ही मंडळी बसायला चार ते सहा आठवडे जातात. तुम्ही त्यांना रविवारी एका दुपारी गरम पाण्याने आणि नळाच्या क्लोरीनने घालवून दिलंत. स्पंजवरचा तो तपकिरी बुळबुळीत थर बघून कसंतरी होतं हे मान्य, पण खरा फिल्टर तोच, स्पंज ही नुसती त्याची राहायची जागा. नळाच्या क्लोरीनचाच त्रास असता तर मासे रविवारीच तडफडले असते, इथे दोन दिवस गेले म्हणजे अमोनिया हळूहळू साठत गेला.

आता आज रात्रीच काय करायचं. अर्धं पाणी बदला, क्लोरीन घालवायचं औषध टाकून आणि तापमान जुन्या पाण्याइतकंच ठेवून, आणि ते हाताने नाही, थर्मामीटरने बघा. एअर पंप फुल सोडा. खाणं तीन दिवस पूर्ण बंद, धडधाकट मोठा मासा आठवडाभर उपाशी राहू शकतो, वाईट आपल्याला वाटतं. फिल्टरमध्ये नवा ॲक्टिव्हेटेड कार्बन घाला म्हणजे ती निळी-पिवळी खिचडी निघेल. निळं औषध मेथिलीन ब्लू असेल तर जे थोडे बॅक्टेरिया वाचले होते त्यांनाही ते त्रास देणार, काचेच्या जोडांचं सिलिकॉन निळं होईल ते वेगळंच. आणि ओळखीत कुणाची जुनी, बिनआजाराची टाकी असेल तर तिच्या स्पंजचा तुकडा मागून आणा आणि ओला ठेवूनच आणा, याच्यासारखं दुसरं औषध नाही.

टेस्ट किट घ्याच. अमोनिया शून्य पाहिजे, नायट्राइट शून्य पाहिजे, ०.२५ पीपीएम (लिटरला पाव मिलिग्रॅम) दिसलं तरी पाणी बदलायचं. कुणी पाणी तपासून "ठीक आहे" म्हणालं तर आकडा मागा. आणि पीएच (पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा, जितका कमी तितकं आम्ल) पण बघा, कारण अमोनियाचा विषारी भाग पीएच ७ वरून ८ वर गेला की जवळजवळ दहापट होतो, तोच अमोनिया एका टाकीत सोसतो आणि दुसऱ्या टाकीत मारतो त्याचं कारण हे.

अजून एक, पुढच्या एकदोन आठवड्यांत अमोनिया उतरेल आणि नायट्राइट चढेल. तेव्हा मासे पुन्हा वर येतील, हवा फुल असली तरी, कारण नायट्राइट रक्तातच शिरून ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद घालवतं. मेलेल्या माशाचं कल्ल्याचं झाकण उचलून बघा, लालऐवजी चॉकलेटी दिसलं तर हेच. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत येऊ देत नाही, लिटरला अर्धा ते एक ग्रॅम पुरतं, कोरी पण तेवढं सोसतात. म्हणजे घाबरून टाकलेल्या तीन गोष्टींपैकी एक कामाची निघाली :) फक्त किती टाकलंत ते आठवून बघा, आणि पाणी बदललं की जेवढं मीठ गेलं तेवढंच परत घालायचं.

यापुढे स्पंज टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात दोनतीनदा हलकासा पिळायचा. पांढरा करायचा नाही.

प्रश्न : माझी टाकी तीन वर्षांची. पाणी कधीच बदललं नाही, उडालं तेवढी वरून भर घालायचो. मासे एकदम मजेत. सगळे ओरडले म्हणून परवा एकदाचं ७० टक्के बदललं आणि संध्याकाळपर्यंत निम्मे खलास. आता म्हणा पाणी बदलणं चांगलं असतं!

उत्तर : राग बरोबर आहे पण दोषी चुकीचा धरलात. वर्षानुवर्षं पाणी न बदललेल्या टाकीत पाण्याचा आम्ल सावरून धरायचा साठा संपतो आणि पीएच घसरत घसरत ६ च्याही खाली जातो. तिथे बॅक्टेरिया मंदावतात, अमोनिया साठतो, पण इतक्या आम्ल पाण्यात तो जवळजवळ सगळा अमोनियम या कमी विषारी रूपात असतो, म्हणून मासे निमूट फिरत राहतात आणि आपल्याला वाटतं मजेत आहेत. वरून ७.५ पीएचचं ताजं पाणी ओतलं की तोच साठलेला अमोनियम बघता बघता अमोनिया होतो. वर एवढा बदल एका झटक्यात. अशी टाकी सुधारायची तर रोज १० टक्के, दोन आठवडे, घाई न करता. आता जे वाचलेत त्यांना हवा द्या, खाणं बंद ठेवा, अमोनिया बांधून ठेवणारं कंडिशनर मिळालं तर वापरा आणि आणखी मोठा बदल आत्ता नको.

प्रश्न : गप्पींच्या अंगावर पांढरे ठिपके आले, औषध टाकलं, तीन दिवसांत ठिपके गायब म्हणून बंद केलं. आठवड्याने दुप्पट आले. औषध नकली आहे का?

उत्तर : औषध बरं असेल, तुम्ही लवकर थांबलात. हा इक, पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. मिठाचे कण चिकटल्यासारखे ठिपके, आणि मासा खड्यांवर अंग घासतो, बरोबर? प्रत्येक ठिपका म्हणजे कातडीखाली बसलेला एक परजीवी, आणि तिथे त्याला औषध पोचतच नाही. पोट भरलं की तो गळून तळाला जातो, कवच करतो, आत फुटून त्याचे शेकडो होतात, आणि ती पिल्लं पोहत मासा शोधायला निघतात, दोनेक दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात. औषध मारतं ते याच पोहणाऱ्यांना. म्हणजे ठिपके गेले तेव्हा तुमचे मासे बरे झाले नव्हते, शत्रू खाली जाऊन पलटण वाढवत होता.

म्हणून शेवटचा ठिपका गेल्यावर पण आठवडाभर चालू ठेवा, एकूण १० ते १४ दिवस तरी. पाणी जितकं गार तितकं हे चक्र लांबतं, म्हणून हिटरने तापमान हळूहळू, दिवसाला एकदोन डिग्री, २८-३० पर्यंत न्या, आणि हवा वाढवा कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. गोल्डफिशला ही उष्णता झेपत नाही, त्यांना नको. मॅलाकाइट ग्रीनवालं औषध असेल तर लोच, कोरी अशा माशांना अर्धा डोस, हातात ग्लव्ह्ज आणि फिल्टरमधला कार्बन काढून, नाहीतर औषध तोच पिऊन टाकतो. औषधात तांबं असेल तर टाकीतली कोळंबी आणि गोगलगायी आधी हलवा.

ठिपके मीठ नाही तर बारीक सोनेरी धुळीसारखे असतील तर तो वेल्व्हेट, वेगळाच परजीवी रोग. खोलीत अंधार करून टॉर्च तिरका मारला की चमकतो. पाठीवर खोगिरासारखा पांढरट पट्टा आणि तोंडाला कापूस असेल तर ती बुरशी नसून बहुतेक कॉलमनॅरिस, तो बॅक्टेरियाचा, आणि त्यात तापमान वाढवलंत तर मासा अजून लवकर जाईल. म्हणून आधी बघायचं, मग हिटरला हात. मी स्वतः सुरुवातीच्या काळात एका नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणावरचे पांढरे दाणे बघून दहा दिवस औषध घातलं होतं. ते वयात आलेल्या नराला येतातच. बिचारा.

प्रश्न : औषध नाही, पाणी बदललं नाही, नवा मासा नाही, तरी तासाभरात सगळे वेड्यासारखे गरगर फिरून काचेवर आपटून मेले. कसं काय?

उत्तर : त्या खोलीत डासांचा किंवा झुरळांचा स्प्रे मारला होता का? त्यातली पायरेथ्रॉइड्स नावाची कीटकनाशकं माणसाला फारशी त्रास देत नाहीत पण माशांना अगदी थोडी पण भयंकर. एअर पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो, म्हणजे झाकण घट्ट असून उपयोग नाही. फवारायचंच असेल तर टाकी झाका, पंप तेवढा वेळ बंद किंवा दुसऱ्या खोलीत, आणि नीट हवा खेळून गेल्यावर चालू करा.

प्रश्न : काका मी सातवीत आहे. माझा फायटर मासा दोन दिवस खात नाही, पोट फुगलंय आणि वरून बघितलं तर खवले पाइनच्या फळासारखे उभे दिसतात. तो वाचेल ना?

उत्तर : वरून बघितलंस हे फार हुशारीचं केलंस, मोठी माणसं पण समोरूनच बघत बसतात. याला ड्रॉप्सी म्हणतात. हा एक रोग नाही, आतली किडनी वगैरे बिघडून शरीरात पाणी साठल्याची खूण आहे, आणि खरं सांगायचं तर खवले उभे राहिल्यावर थोडेच मासे वाचतात. तरी करण्यासारखं आहे. त्याला वेगळ्या स्वच्छ पाण्यात ठेव, तापमान २६-२७, पाणी कमी उंचीचं म्हणजे त्याला श्वास घ्यायला वर यायला सोपं जाईल. एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) दर २० लिटरला एक छोटा सपाट चमचा, आधी वेगळं विरघळवून, आणि मोजताना घरातलं मोठं कुणी बरोबर असू दे. खायचं मीठ घालू नकोस, या आजारात त्याने सूज वाढू शकते. जवळ माशांवर उपचार करणारे डॉक्टर असतील तर दाखव.

चारपाच दिवसांत खवले बसायला लागले तर मला कळव. नाही बसले आणि तो गेला तर ती तुझी चूक नाही, पण एक काम कर, त्याच्या जुन्या टाकीतल्या पाण्याचा अमोनिया मोजून आकडा मला पाठव, पुढचा मासा आणायच्या आधी.