पहिल्या महायुद्धात आपले सैनिक घरी पत्रं कशी पाठवत? त्यांत खरं लिहिता येत असे का?

खरं लिहीत, पण आडवळणाने. 1914 मध्ये हिंदी सैनिक फ्रान्सच्या आघाडीवर पोहोचले. त्यातल्या बहुतेकांना लिहिता येत नव्हतं. कंपनीतला कुणी शिकलेला किंवा इस्पितळातला लेखनिक मजकूर उतरवून घेई. गावी पत्र पोचलं की तिथेही मास्तर नाहीतर पोस्टमन ते सगळ्यांसमोर वाचून दाखवी. बायकोला मनातलं चार शब्द सांगायचे, तर मध्ये इतके कान! त्यात सेन्सॉर. हिंदी सैनिकांचं टपाल तपासायला वेगळं कार्यालयच होतं.

हे सगळं सैनिकांना ठाऊक होतं, म्हणून खुणेची भाषा आली. 'काळी मिरची' म्हणजे हिंदी शिपाई, 'लाल मिरची' म्हणजे गोरे. काळी मिरची संपत आली असं लिहिलं, की समजायचं आपली माणसं फार मेली. मला हे वाचताना प्रत्येक वेळी गलबलून येतं. स्वयंपाकघरातला शब्द, आणि त्याच्या आड प्रेतांचा हिशोब.

मूळ पत्रं फारशी उरलेली नाहीत. सेन्सॉरने आपल्या अहवालांसाठी इंग्रजीत उतरवलेले उतारे तेवढे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. म्हणजे माणूस आपल्या बोलीत बोलला आणि आपल्यापर्यंत साहेबाच्या भाषेत पोचला.

मराठा पलटणींचा मोठा भाग मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होता. तिथल्या कुत-अल-अमारा गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात, डिसेंबर 1915 ते एप्रिल 1916, हिंदी फौजेची पूना डिव्हिजन अडकली, त्यात मराठा पलटणीही होत्या. तुमच्या घरात जुन्या ट्रंकेत असं एखादं पत्र असेल तर ते लॅमिनेट करू नका. आधी फोटो काढा, मग सुती कापडात कोरडं ठेवा.