बंदिस्त मनोरुग्णालयात रुग्ण ‘धोकादायक’ आहे हे कशावरून ठरवतात? हा शेरा कायमचा असतो का?

तुमच्या भावाच्या कागदांवर ‘उच्च धोका’ असं लिहिलेलं पाहून तुम्ही हे विचारलंय. अशा वॉर्डात मी बरीच वर्षं नर्स होते. शेरा कायमचा नसतो. नसावाच.

एके काळी हे सगळं डॉक्टरांच्या अंदाजावर चालायचं, आणि तो अंदाज फार चुकायचा. 1966 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बॅक्स्ट्रॉम खटल्याचा निकाल दिला; बॅक्स्ट्रॉम हा शिक्षा संपल्यावरही योग्य सुनावणीशिवाय कडेकोट रुग्णालयात ठेवलेला कैदी. त्यानंतर न्यूयॉर्क राज्यातल्या कडेकोट रुग्णालयांतून साडेनऊशेहून अधिक ‘धोकादायक’ रुग्ण साध्या मनोरुग्णालयांत हलवावे लागले. पुढे त्यांचा माग घेतला, तर हिंसक वागलेले थोडेच निघाले. उरलेल्यांची कुलपाआड गेलेली वर्षं मला अजून बोचतात.

आता यासाठी ठरलेल्या पद्धती आहेत. ‘एचसीआर-20’ या हिंसेचा धोका जोखायच्या पद्धतीत 20 मुद्दे तपासतात : 10 पूर्वायुष्याचे, 5 सध्याच्या मनःस्थितीचे, 5 पुढच्या परिस्थितीचे. पूर्वी घडलेलं पुसता येत नाही, पण उरलेले 10 मुद्दे बदलतात, म्हणून मूल्यमापन पुन्हा पुन्हा करायचं. गुणांची बेरीज करून निकाल लावायचा नसतो. कोणाला, कशामुळे, कोणत्या परिस्थितीत धोका आहे हे लिहायचं असतं.

वॉर्डात मात्र आम्हाला आजची रात्र कशी जाईल हे हवं असतं. त्यासाठी नॉर्वेत तयार झालेली ‘ब्रोसेट’ यादी वापरतात. गोंधळलेपण, चिडचिड, आरडाओरडा, तोंडी धमकी, अंगावर धावून जाणं, वस्तूंची मोडतोड या 6 गोष्टींना प्रत्येकी 0 किंवा 1. बेरीज 3 किंवा जास्त आली की पुढचे 24 तास सावध. यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी अट अशी, की ओळखीच्या रुग्णाची तुलना त्याच्याच नेहमीच्या वागण्याशी करायची. जो एरवीही मोठ्यानेच बोलतो, त्याला त्याबद्दल 1 द्यायचा नाही.

आमच्याकडे एक रुग्ण होता. त्याच्या नोंदीत जागोजागी ‘आक्रमक झाला’ एवढंच. काय केलं, कधी केलं, आधी काय घडलं, काही नाही. मी जुन्या नोंदींच्या वेळा कागदावर उतरवून काढल्या. जवळजवळ सगळे प्रसंग ड्यूटी बदलतानाचे निघाले. सगळा स्टाफ नर्सांच्या खोलीत, आणि काचेवर टकटक करणाऱ्या त्याला एकच उत्तर, ‘थांब’. मग त्या अर्ध्या तासात एक जण बाहेरच थांबायचा आणि आता कोण येणार हे त्याला आधी सांगायचा, असं ठरवलं. त्यानंतर एकदा त्याने खुर्ची भिरकावली, नाही असं नाही. पण पूर्वीचं ते रोजचं थांबलं. धोका निम्मा त्याच्यात होता आणि निम्मा आमच्या वेळापत्रकात, हे मी तिथे शिकले.

आणि गप्प बसलेल्या रुग्णाकडे दुर्लक्ष होतं. जेवण परत पाठवणारा, भिंतीकडे तोंड करून पडणारा माणूस स्वतःच्या जिवाचं काही करून घेऊ शकतो. ब्रोसेटमध्ये त्याचे गुण शून्यच दिसतील.

पुढच्या आढावा बैठकीत विचारा, की हा शेरा कोणत्या तारखेचा आहे, कोणत्या प्रसंगावरून दिला आणि त्यानंतर काय बदललं. भावाला स्वतःला कशाने भडका उडतो असं वाटतं, हे कोणी विचारलं का, तेही विचारा. आमच्या त्या रुग्णाला ते नेमकं माहीत होतं.