पोथीतला ‘लेखक’ नेमका कोण?

प्रश्न असा आहे: घरातल्या ज्ञानेश्वरीच्या जुन्या पोथीच्या शेवटी ‘शके १२१२’ आहे, ‘लेखकु’ म्हणून सच्चिदानंदबाबांचं नाव आहे आणि त्याखाली आणखी दोन नावं आहेत. अभ्यासकाला पत्र लिहिताना लेखक कोणाला म्हणायचं?

पोथ्यांच्या जगात लेखक म्हणजे लिहून काढणारा. रचणारा तो कर्ता किंवा ग्रंथकार. तुम्ही वाचलेली ओवीच बघा: ‘शके बाराशतें बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें । सच्चिदानंदबाबा आदरें । लेखकु जाहला ॥’ टीका, म्हणजे गीतेवरचं भाष्य, एकानं केली, लेखकु दुसरा झाला. परंपरेप्रमाणे समर्थ सांगत आणि कल्याणस्वामी दासबोध उतरवून घेत; जुन्या अर्थानं तेही लेखकच. आज तसं छापलं तर रामदासी मंडळी जाब विचारतील!

पण सच्चिदानंदबाबा तुमच्या पोथीचे लेखक नव्हेत. ही ओवी ग्रंथाचाच भाग झाल्यामुळे पेशवाईत नकललेल्या पोथीतही शके १२१२, म्हणजे इ. स. १२९०, दिसणारच. तेवढ्यावरून पोथी सातशे वर्षांची ठरवू नका. पुढे एकनाथांनी शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) प्रत शुद्ध केल्याच्या ओव्या असतील, तर पोथी त्यानंतरचीच.

खरी माहिती त्याखाली, पुष्पिकेत, म्हणजे नकलणाऱ्यानं शेवटी लिहिलेल्या नोंदीत. ‘लिखितं’ या शब्दाजवळचं नाव बहुधा नकलणाऱ्याचं, ‘इदं पुस्तकं अमुकस्य’ यातलं मालकाचं, आणि ‘पठनार्थं’च्या आधीचं ज्याच्या वाचनासाठी पोथी केली त्याचं. तिथला शकही डोळे झाकून घेऊ नका. ‘यादृशं पुस्तकं दृष्टं तादृशं लिखितं मया’, म्हणजे जसं पुस्तक पाहिलं तसंच मी लिहिलं, असं बजावणारे हे लोक. काही जण इतके इमानी, की समोरच्या पोथीतली जुनी पुष्पिकासुद्धा शकासकट उतरवून ठेवत.

पत्रात नकलणाऱ्याला ‘लेखनिक’ म्हणा, घोटाळा टळेल. ‘लिपिक’ मला नको वाटतो, त्याला कचेरीचा वास येतो. पुष्पिका ऱ्हस्व-दीर्घ न सुधारता जशीच्या तशी उतरवा. संवत्सराचं नाव, तिथी आणि वार असतील तर तेही कळवा; त्यांचा शकाशी मेळ बसतो का, हे अभ्यासक आधी ताडून पाहतात. शेवटच्या पानाचा फोटो जोडा आणि त्यासाठी पान ओल्या फडक्यानं पुसू नका, शाई फुटते.