ऑक्टोबर 2016 तारखेवार वाच

पणजी, गोवा

प्रिय मित्रास,
अनेक आशीर्वाद.

अमेरिका, चीन आणि रशिया एकमेकांचं तोंड बघायला तयार नसताना हवामान, समुद्र, रोगराई या विषयांवर खरंच एकत्र काम करतात की नुसता देखावा असतो, असं तू विचारलंस. एका शब्दात उत्तर देता येणार नाही. पण ते कुठं शोधायचं आणि कसं वाचायचं, ते सांगतो.

पुढाऱ्यांच्या भाषणांपासून सुरुवात करू नकोस. एखादा महिना घे आणि त्यात काय काय झालं ते तारखेवार मांड. ऑक्टोबर 2016 घे. 3 तारखेला रशियानं अमेरिकेबरोबरचा जादा प्लुटोनियमची विल्हेवाट लावण्याचा करार स्थगित केला. सीरियावरून दोघांचं बिनसलेलं होतं, क्रिमियावरून निर्बंध चालूच होते. 15 तारखेच्या पहाटे, रात्रभराच्या वाटाघाटींनंतर, रवांडातल्या किगालीत एसी-फ्रिजमधले, हवा तापवणारे एचएफसी वायू टप्प्याटप्प्यानं कमी करायची, मॉन्ट्रियल करारातली दुरुस्ती मंजूर झाली. अमेरिका, चीन, रशिया, भारत सगळे तिथं होते. 15 आणि 16 तारखेलाच आपल्या बाणावलीत ब्रिक्सची (ब्राझील, रशिया, भारत, चीन, दक्षिण आफ्रिका) शिखर परिषद भरली होती. आणि 28 तारखेला ऑस्ट्रेलियातल्या होबार्ट शहरात, अंटार्क्टिकाच्या रॉस समुद्राचं सुमारे साडेपंधरा लाख चौरस किलोमीटर क्षेत्र राखीव करायला 24 देश आणि युरोपीय संघ यांनी एकमतानं होकार दिला. त्यात अमेरिका होती, चीन होता, रशियाही होता.

एकाच महिन्यात तेच देश एका टेबलावरून उठून गेले आणि दुसऱ्या दोन टेबलांवर एकमत होईपर्यंत बसून राहिले. हा फरक कशामुळे पडला, एवढंच शोधायचं आहे.

एकदा चोडण किंवा दिवाडी बेटावर जाऊन खाजन शेत, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेलं शेत, बघून ये. बांधात बसवलेली मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायचं दार, नीट बघ. भरतीचं पाणी चढलं की त्याच्याच दाबानं तिचं लाकडी दार मिटतं, ओहोटीला आतलं पाणी ढकलून ते उघडतं. बांधाच्या आत शेती करणाऱ्यांचं आपसात पटतंच असं नाही, कोर्टकज्जेही असतात. तरी बांध फुटला की खारं पाणी कुणाचा सातबारा बघत नाही, म्हणून डागडुजीला सगळे येतात. आता दुसरी बाजू बघ. मानशीवर मासे धरण्याचा हक्क लिलावात जातो. लिलाव घेणाऱ्यानं जास्त मासळीच्या लोभानं भरतीला दार उघडं ठेवलं, तर फायदा त्याचा एकट्याचा आणि मिठानं भात जळतं सगळ्यांचं. बांधायला सगळे आणि मोडायला एक, हे गणित मोठ्या देशांनाही चुकलेलं नाही. त्यामुळे कुठलाही करार हातात आला की आधी विचार: दार उघडं ठेवणारा इथं पकडला जातो का, आणि पकडल्यावर त्याचं काय होतं?

सुरुवात मॉन्ट्रियल करारापासून कर. ओझोन वाचवण्यासाठी 16 सप्टेंबर 1987 रोजी झालेला हा करार. आज त्याचे 198 पक्षकार आहेत. संयुक्त राष्ट्रांचा एकही सदस्य देश बाहेर नाही. हे साधलं कसं, ते त्याच्या कलमांत दिसतं. ओझोन खाणाऱ्या वायूचा 'वापर' म्हणजे काय, हे तिथं सरळ हिशेबात सांगितलंय: उत्पादन अधिक आयात वजा निर्यात. घरोघरचे फ्रिज मोजायची गरज नाही. कारखाने मोजके असतात आणि बंदरावर आयात-निर्यातीची नोंद होतेच. मग कलम 4 वाच. जो देश बाहेर राहील त्याच्याशी या वायूंचा व्यापार बंद. म्हणजे बाहेर राहणंच महाग पडावं, अशी सोय आधीच करून ठेवली होती.

तरी भारत आणि चीन सुरुवातीला आत आले नाहीत. वायू सोडले श्रीमंत देशांनी, मग कारखाने बदलायचा खर्च आम्ही का सोसायचा, हा त्यांचा सवाल रास्तच होता. 1990 मध्ये लंडनला बहुपक्षीय निधी ठरला. त्याच्या कार्यकारी समितीत 14 जागा, 7 विकसित देशांच्या आणि 7 विकसनशील देशांच्या. त्यानंतर 1991 मध्ये चीन आणि 1992 मध्ये भारत आत आला. क्रम लक्षात घे: आधी निधीचा कागद, मग सही. 'मदत करू' एवढ्याच शब्दावर कुठलाही मोठा देश हलत नाही.

किगालीत हीच रीत पुढं नेली. सगळ्यांना एक तारीख लावली असती तर बोलणी तिथंच मोडली असती. म्हणून शिड्या वेगवेगळ्या केल्या. बहुतेक विकसित देशांची कपात 2019 पासून, शेवट 2036 मध्ये 85 टक्के. चीनच्या गटानं वापर 2024 मध्ये गोठवायचा आणि 2045 पर्यंत 80 टक्के कमी करायचा. भारताच्या गटानं 2028 मध्ये गोठवायचा, 2032 मध्ये 10, 2037 मध्ये 20, 2042 मध्ये 30 आणि 2047 मध्ये 85 टक्के कपात. या गटात कोण आहे बघ: भारताबरोबर पाकिस्तान आहे, इराण आहे, सौदी अरेबियाही आहे. उष्ण हवा आणि वाढती एसी-बाजारपेठ यांनी त्यांना एका पायरीवर आणलं. सर्वांनी नेमानं पाळलं तर शतकाअखेर अर्ध्या अंशापर्यंत तापमानवाढ टळेल, असा अंदाज आहे.

या करारातही भोक पडलं, आणि ते नीट अभ्यासायला हवं. ओझोन खाणाऱ्या वायूंपैकी सीएफसी-11 चं उत्पादन 2010 पासून जगभर बंद असायला हवं होतं. 2018 मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं की हवेतलं त्याचं प्रमाण अपेक्षेइतकं घटत नाही, म्हणजे कुणीतरी नव्यानं बनवतंय. दक्षिण कोरियातलं गोसान आणि जपानचं हातेरुमा इथल्या मोजणी केंद्रांच्या नोंदींवरून, वाऱ्याची दिशा उलट लावत, 2019 मध्ये वाढीचा मोठा वाटा पूर्व चीनकडे निघाला. फोम बनवायला हा वायू स्वस्त पडत होता. चीननं कारवाई केली आणि उत्सर्जन पुन्हा खाली आलं. धडा असा की देश स्वतःच भरून पाठवतो त्या तक्त्यात चोरी दिसत नाही, हवेत दिसते. आणि जगाच्या मोठ्या भागावर असं केंद्रच नाही. ही उणीव मला फार सलते, कारण हे काम महाग नाही. ते कुणाच्या प्राधान्यात नाही, इतकंच.

आता शब्दांकडे ये. मसुद्यात ज्या शब्दावर एकमत नाही तो चौकोनी कंसात राहतो. वाटाघाटी म्हणजे बहुतांशी हे कंस काढायचं काम. पूर्ण सभेत ते निघत नाहीत. लहान गट करतात, दोन-तीन देशांना कोपऱ्यात बसवतात, पर्यायी शब्द विचारतात. शेवटी बऱ्याचदा मसुदा फिरवून एक वेळ दिली जाते. तोवर कुणी बोललं नाही तर तो मंजूर. एकानं मौन मोडलं की पुन्हा पहिल्यापासून. क्रियापदांवर तर डोळा ठेवच. 'ठरवते', 'आवाहन करते' आणि 'नोंद घेते' यांच्या वजनात जमीन-अस्मानाचा फरक असतो. 12 डिसेंबर 2015 रोजी पॅरिस करार मंजूर होण्याच्या काही मिनिटं आधी कलम 4 मधला एक 'शॅल' (करावंच लागेल) बदलून 'शुड' (करायला हवं) करण्यात आला. बंधनकारक 'शॅल' राहिला असता तर करार अमेरिकी सिनेटपुढं न्यावा लागला असता आणि तिथं तो अडकला असता.

याचं आपल्या दारातलं उदाहरण 22 जुलै 2023 चं. जी-20 च्या ऊर्जामंत्र्यांची बैठक गोव्यात झाली. जीवाश्म इंधनं कमी करणं आणि अक्षय ऊर्जा तिप्पट करणं यांवर जमलं नाही, म्हणून संयुक्त निवेदन निघालं नाही; जमलेल्या मुद्द्यांचा दस्तऐवज आणि उरलेल्यांसाठी अध्यक्षांचा सारांश निघाला. बैठक फसली, असं अनेकांनी लिहिलं. पण सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या जाहीरनाम्यात, 2030 पर्यंत अक्षय ऊर्जाक्षमता तिप्पट करण्याच्या प्रयत्नांना 'चालू उद्दिष्टं आणि धोरणांमार्फत' चालना देऊ, असं वाक्य आलं. डिसेंबरमध्ये दुबईच्या हवामान परिषदेत जगातल्या सर्व देशांना तसं आवाहन झालं. गोव्यात अडकलेला मुद्दा पाच महिन्यांत तिथवर पोचला. जीवाश्म इंधनांचा मुद्दा मात्र दिल्लीतही पुढं सरकला नाही. अशा बैठकीनंतर 'निवेदन निघालं का' एवढ्यावर थांबू नकोस. कुठला कंस उरला आणि तो पुढच्या कुठल्या टेबलावर गेला, हे वहीत टिपून ठेव.

वास्कोच्या हेडलँड सड्यावर ध्रुवीय आणि महासागर संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम 6 डिसेंबर 1981 ला गोव्यातूनच निघाली. ज्या खंडाकडे ती गेली त्याचा करार शीतयुद्धाच्या ऐन भरात, 1 डिसेंबर 1959 ला, अमेरिका आणि सोव्हिएत संघासह 12 देशांनी केला होता. कलम 4 नं सात देशांचे जमिनीवरचे दावे ना मान्य केले ना फेटाळले, फक्त गोठवले. कलम 7 नुसार सल्लागार देशांचे, म्हणजे करारात निर्णयाचा हक्क असलेल्या देशांचे, निरीक्षक कुठल्याही तळावर कधीही तपासणीला जाऊ शकतात. पण तिथले निर्णय एकमतानंच होतात, आणि एकमताची किंमतही असते. एम्परर पेंग्विनला खास संरक्षण देण्याचा प्रस्ताव 2022 मध्ये चीनच्या नकारामुळे अडला. रॉस समुद्राचं राखीव क्षेत्रही 35 वर्षांची मुदत घातली तेव्हाच मान्य झालं. ती मुदत उगीच दिलेली सूट समजू नकोस. तिच्याशिवाय काहीच झालं नसतं.

रोगराईबद्दलही तू विचारलं होतंस, तर देवीच्या रोगाच्या निर्मूलनाबद्दल वेळ मिळेल तेव्हा वाच. जागतिक आरोग्य संघटनेत त्याचा ठराव सोव्हिएत संघानं 1958 मध्ये मांडला, लशीचा मोठा साठाही त्यानं दिला. 1967 पासूनच्या मोहिमेचं नेतृत्व एका अमेरिकी डॉक्टरकडे होतं.

आता कामाला लाग. किगाली दुरुस्तीचं मूळ इंग्रजी कलम आणि दिल्लीच्या जाहीरनाम्याचा ऊर्जेचा परिच्छेद, दोन्ही छापून घे. क्रियापदं लाल शाईनं आणि आकडे निळ्या शाईनं अधोरेखित कर. त्यानंतर घरातल्या एसीच्या बाहेरच्या युनिटवरचं लेबल बघ. तिथं वायूचं नाव आणि वजन छापलेलं असतं. आर-410ए असेल तर एक किलो गळती हवा तापवण्यात सुमारे 2,088 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी, आर-32 असेल तर सुमारे 675. शेजारपाजारची आणि कॉलेजातली मिळून दहा लेबलं बघ, वजनं मांड, गुणाकार कर. आणि गॅस भरायला येणाऱ्या मेकॅनिकला विचार, जुना वायू तो सिलिंडरमध्ये काढून घेतो की हवेत सोडतो. त्याचं उत्तर जसंच्या तसं लिहून मला पाठव.

तुझा शुभचिंतक