मागच्या बाकावरची मुलं

प्रश्न : मावशी, प्रभूत सप्रेम नमस्कार. आम्ही दोघं मूळचे जालन्याचे. मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वतीने गेल्या वर्षापासून टांझानियात, किलिमांजारो पर्वताच्या पायथ्याच्या मोशीजवळ सेवा करतो. हे दवाखान्याचा हिशेब बघतात, माझ्याकडे तरुण संघ आहे. दर शनिवारी मी इंग्रजीतून बायबलचा वर्ग घेते, चहा-बिस्किटं ठेवते. सुरुवातीला २२ मुलंमुली यायची, आता सात-आठ येतात. मागच्या बाकावर बसतात, विचारलं की ‘येस मॅडम’ म्हणतात आणि वर्ग संपला की निघून जातात. उद्धट नाहीत, पण मनातलं काही बोलत नाहीत. एका हुशार मुलाशी तेवढी ओळख झाली आहे. त्याच्यामार्फत बाकीच्यांपर्यंत पोचता येईल का? – एक वाचक, मोशी

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं. किलिमांजारोच्या त्याच उतारावर मी अकरा वर्षं परिचारिका होते, त्यामुळे तुझा तो वर्ग मला डोळ्यांसमोर दिसतो.

आधी भाषेचं बोलू. तिथली सरकारी प्राथमिक शाळा सात वर्षं स्वाहिलीत चालते आणि माध्यमिक शाळेत गेल्या गेल्या सगळे विषय इंग्रजीत येतात. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतलं बोलकं पोर एकदम इंग्रजी वर्गात बसवलं की कसं मिटून जातं, तू पाहिलं असशीलच. त्या मुलांना इंग्रजी म्हणजे परीक्षा. तुझ्या प्रश्नाला ती उत्तर देतात, कारण शाळेत तसंच करायचं असतं. वर्ग स्वाहिलीत घे, मोडकीतोडकी का होईना. साबुनी, किताबू, हेसाबू, रांगी, एम्बे हे शब्द तुला कुणी शिकवायची गरज नाही. एम्बे म्हणजे आपला आंबाच.

दुसरी गोष्ट बोलायला जड आहे, पण बोलते. तिथे तू ‘म्हिंदी’, म्हणजे भारतीय, आहेस. पिढ्यान्‌पिढ्या त्या लोकांनी आपल्याला पाहिलंय ते ‘दुका’च्या, म्हणजे दुकानाच्या, गल्ल्यावर बसलेलं. माल आपला, पैसे आपले, कामाला ठेवलेलं पोर त्यांचं. तू टेबलावर बिस्किटं मांडतेस तेव्हा देणारी पुन्हा तूच असतेस, आणि ती घेणारी. तुझ्या ‘मॅडम’चं मूळ मला तिथे दिसतं. माझंही पहिलं वर्ष असंच गेलं.

मग मी तरुणांच्या ‘क्वाया’त, म्हणजे गायकवृंदात गेले. शिकवायला नव्हे, मला घेता का असं विचारायला. तिथल्या लुथरन मंडळीत तरुण पोरांचं खरं घर क्वाया असतं. तालमीला ती पावसातही येतात, आणि तिथे मोठा आवाज त्यांचा असतो. मला खालच्या पट्टीत, शेवटच्या रांगेत उभं केलं. एका गाण्यात गाय हा शब्द होता. स्वाहिलीत तो ‘ङ’ने सुरू होतो, ङोम्बे. आपण ङ पाटीवर गिरवतो, पण शब्दाच्या सुरुवातीला तो आपल्या जिभेवर कधीच नसतो. सतरा वर्षांच्या एका मुलीने सगळी तालीम थांबवून माझ्याकडून तो घोटून घेतला. त्या संध्याकाळी ती माझ्याबरोबर घरापर्यंत चालत आली आणि वाटेत म्हणाली, फॉर्म फोरच्या, म्हणजे माध्यमिकच्या चौथ्या वर्षाच्या, परीक्षेत मी नापास झालेय, घरी अजून सांगितलेलं नाही. माझ्या ओठांवर उपदेश आला होता. तो गिळून मी फक्त ‘पोले साना’ म्हणाले. तुझं दुःख मला कळलं, एवढंच त्यात असतं. ठेच लागलेल्याला, दमलेल्याला, घरात मृत्यू झालेल्यालाही तिथे पोले म्हणतात. पुढचं ती आपण होऊन बोलली.

आता तुझा हुशार मुलगा. त्याच्यामार्फत जाऊ नकोस. मी असाच एक मुलगा ‘माझा’ केला होता. त्याला पुस्तकं दिली, मंडळीच्या सभांना नेलं. सहा महिन्यांत त्याचे सोबती त्याच्याशी बोलेनासे झाले आणि नंतर तोही यायचा थांबला. ती जखम मी केली, हे मला आजही लागतं. त्या उतारावरच्या चग्गा लोकांत एका वयाची मुलं एकमेकांशी बांधलेली असतात. स्वाहिलीत त्याला ‘रिका’ म्हणतात. जर्मनीच्या लाइपझिग मिशनचे ब्रुनो गुटमान १९०२ साली तिथे आले आणि मधली काही वर्षं सोडता १९३८ पर्यंत राहिले. कुळ, शेजार आणि समवयस्क ही नाती देवाने दिलेली आहेत, मंडळीने ती तोडू नयेत, असं त्यांचं म्हणणं होतं. दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्या मुलांना विश्वासात पक्कं करण्याच्या, वर्गातही त्यांनी मुलांना जुन्या रीतीप्रमाणे एकमेकांचे सोबती म्हणून जोडलं. त्यांच्या सगळ्या मतांशी मी सहमत नाही, पण हे मला पटलेलं आहे. आपल्या नगरच्या ना. वा. टिळकांनी परदेशी चालींवर न थांबता अभंग आणि कीर्तन उपासनेत आणलं, ते याच जाणिवेतून, असं मला वाटतं.

काही गोष्टी सांभाळ. शाळेच्या फीचं वचन एकटीने कुणाला देऊ नकोस, ते मंडळीच्या वडीलजनांपुढे ठेव. मुलामुलींशी बोलणं उघड्यावर, ओट्यावर, चार माणसांच्या नजरेत होऊ दे. मैत्रिणीबरोबर एखादी मुस्लिम मुलगी आली तर आधी तिच्या आईला भेट. दारातून ‘होदी’ अशी हाक दे, ‘करिबू’ ऐकलं की मगच आत जा. तू कोण, वर्गात काय होतं, ते तिला सरळ सांग. लपवून काही करू नकोस. आणि मुलं ‘शिकामो’ म्हणाली तर ‘मराहाबा’ म्हण. तो आपल्या पाया पडण्यासारखाच मान आहे, तो त्यांना देऊ दे. त्यांच्यात मिसळायचं म्हणून ‘मांबो, पोआ’ हे पोरापोरांमधलं रामराम करू नकोस.

या शनिवारी वर्ग ठेवू नकोस. उतारावरच्या केळीच्या बागांना पाणी नेणारे ‘म्फेरेजी’, म्हणजे जुने पाट, साफ करायला मुलं जात असतील तर फावडं घेऊन त्यांच्यामागे जा. नाहीतर ‘म्तोरी’ शिकव म्हणून एखादीच्या आईकडे मुलींबरोबर जा. कच्ची केळी आणि मांसाचं ते दाट सूप घोटायला हात लागतात, आणि हात कामात असले की मुली बोलतात.

क्वायाच्या प्रमुखाला मात्र आजच विचार. तुला कोणत्या आवाजात घेतलं, ते मला कळव.