फाईल ‘कुलूपबंद’ की ‘धरलेली’?

प्रश्न बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यातून आलाय. सबव्हर्जन (फायलींच्या सगळ्या आवृत्त्या सर्व्हरवर जपणारी प्रणाली) यातल्या कॅड फायली, म्हणजे संगणकावरची ड्रॉइंग, कशा हाताळायच्या याचं मराठी सूचनापत्रक तिथे तयार होतंय. ‘लॉक’ला ‘कुलूप’ चालेल का, असं विचारलंय. सोबत मसुद्यातलं वाक्य: ‘फाईल कुलूपबंद केल्यास इतरांना ती उघडता येणार नाही.’

येते की उघडता! लॉक असलेली फाईल कुणीही उघडतो, वाचतो, प्रिंट काढतो. फक्त बदल करून कमिट करायला, म्हणजे ते सर्व्हरवर चढवायला, गेलं की सर्व्हर नाही म्हणतो. कुलूप म्हटलं की दारच बंद, म्हणून मसुदा भरकटला. हे लॉक म्हणजे एसटीच्या खिडकीतून सीटवर टाकलेला रुमाल.

तेव्हा माझं मत ‘धरणे’ला. जागा धरतो तशी फाईल धरायची, काम झालं की सोडायची. टॉर्टॉइज (सबव्हर्जन वापरायचं विंडोजवरचं सॉफ्टवेअर) याच्या मेनूतल्या ‘रिलीज लॉक’ला ‘सोडणे’ नेमकं बसतं. ‘आरक्षित’ कागदावर शोभतं, तोंडात बसत नाही. शेजारच्या टेबलावरच्या कन्नड सहकाऱ्यालाही ‘हिडि’ (धर) आणि ‘बिडु’ (सोड) ही जोडी लगेच कळेल. सीट तोही तशीच धरतो. आपल्याकडे तोंडी ‘फाईल कोण धरलाय?’ असंच येणार, पत्रकात मात्र ‘कुणी धरली आहे’ लिहा.

लॉकच्याच ‘ब्रेक’ आणि ‘स्टील’ या दोन आज्ञांत गल्लत नको. ब्रेक म्हणजे दुसऱ्याचं लॉक नुसतं काढून टाकणं, स्टील म्हणजे काढून त्याच दमात स्वतःच्या नावावर घेणं. पहिल्याला ‘सोडवणे’, दुसऱ्याला ‘हिसकावणे’ म्हणा. ‘चोरणे’ नको, कारण फाईल आता कुणाकडे आहे ते सगळ्यांना दिसतं.

एक मेख आहे. फाईल माणूस धरतो असं आपण म्हणू, पण लॉकचं टोकन, म्हणजे लॉक आपलं असल्याची खूण, राहतं त्याच्या एका वर्किंग कॉपीत, म्हणजे संगणकावर उतरवून घेतलेल्या फायलींच्या प्रतीत. तोच माणूस दुसऱ्या संगणकावर बसून कमिट करू लागला तरी नकारच मिळतो. हे पत्रकात वेगळं लिहा, नाहीतर ‘माझीच फाईल मलाच का देत नाही’ म्हणून भांडणं होतील.

मसुदा असा करता येईल: ‘ड्रॉइंग बदलण्यापूर्वी फाईल धरा. दोघांचे बदल नंतर एकत्र करता येत नाहीत. कमिट केल्यावर फाईल आपोआप सुटते. बदल न करताच उठणार असाल तर आठवणीने सोडा.’ फायलींना ‘नीड्स-लॉक’ (आधी लॉक घ्यायला लावणारा गुणधर्म) लावलं असेल तर आणखी एक ओळ घाला: ‘धरेपर्यंत फाईल फक्त वाचण्यापुरती उघडेल.’